चपला मागेपर्यंत

बाई आधी मुलाचा हात हुंगायच्या. उजवा. तळवा उलटा करून नाकाशी न्यायच्या आणि डोळे मिटायच्या. मुलाची आई बघत राहायची, बाप माझ्याकडे बघायचा, आणि मी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे. मला इतकी लाज वाटायची म्हणून सांगू! एरंडवण्यात नुकता दवाखाना थाटलेला, लहान मुलांच्या दातांचा. नव्वदीतले दिवस. घरोघरी केबल आलेली, दुकानांत चॉकलेटांचे रोज नवे प्रकार, आणि पोरांच्या दातांची पार वाट लागलेली. माझं त्यामुळे बरं चाललं होतं. अशा वेळी गिऱ्हाइकासमोर कुणी मुलाचा हात हुंगत बसलं तर कसं वाटेल?

तीन-चार वर्षांचं मूल, त्याचे पाच-सहा दात किडलेले. ते काही तास तास तोंड उघडून बसत नाही. मग त्याला झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि ते द्यायला भूलतज्ज्ञ बोलवावा लागतो. माझ्याकडे बाई यायच्या. सरकारी इस्पितळात तीस वर्षं भूल देऊन बाहेर पडलेल्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, सुती साडी, पायात पुरुषी सँडल. लूनावरून यायच्या, आणि पायाशी त्यांची ती पत्र्याची पेटी. पेटीत नळ्या, औषधं, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र, आणि वर्तमानपत्रात बांधलेला जेवणाचा डबा.

हात हुंगण्याचं कारण मला पहिल्याच महिन्यात कळलं. पाच वर्षांचा मुलगा, बाप इंजिनियर, हातात माझ्याच सूचनांचा कागद, प्रत्येक ओळीपुढं खूण केलेली. रात्रीपासून पोटात काही नाही, दूध नाही, सकाळपासून पाणीसुद्धा नाही. आई शपथेवर सांगत होती. बाईंनी हात हुंगला आणि म्हणाल्या, "दही. साखरपण आहे."

आई-बाप एकमेकांकडे बघायला लागले. कोपऱ्यात मुलाची आजी बसली होती. ती म्हणाली, "अहो, ते काय खाणं झालं? चांगल्या कामाला निघालं लेकरू, हातावर बोटभर दही नको का घालायला?"

"घाला की," बाई म्हणाल्या. "पण मग त्याला परीक्षेला पाठवा. इथं नको. झोपेत ते बोटभर वर आलं आणि श्वासात गेलं तर मी काय करू?"

बापानं आवाज चढवला. रजा टाकून आलोय, एवढंसं दही, तुम्ही काय चेष्टा लावलीय. बाईंनी पेटी बंद केली होती. आजीला फारच लागलं असावं. तिनं बाईंना अगदी गोड आवाजात विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या? आडनाव काय म्हणालात?"

पुण्यात हा प्रश्न कशासाठी विचारतात ते पुण्यात सगळ्यांना कळतं. बाईंचे वडील खडकीला कारखान्यात कामगार, छप्पन साली कुटुंबासकट बुद्धाच्या पायाशी गेलेले. बाईंनी आडनाव सांगितलं, खणखणीत, आणि म्हणाल्या, "तुमच्या नातवाला झोपवणारी मी आणि उठवणारीही मीच. दुसरं कुणी बघायचं असेल तर बघा, मी लूना सुरू करते." ती माणसं आठवड्यानं परत आली. मुलाचा हात साबणानं धुतलेला होता. बाईंनी तरीही हुंगला, आणि मग आजीला जवळ बोलावून तिचाही हुंगला.

मी त्या दिवशी हसले होते. हसू येण्यासारखंच होतं ते.

बाई मुलांना अहो-जाहो करायच्या. "आपण काल काय जेवलात? आपल्याला आता जरा झोप येणार आहे हं." आणि आम्हा डॉक्टरांना अगं-तुगं. मला तर कायम "अगं ए." पस्तिशीतली मी, दाराला नावाची पाटी, आणि पोरांसमोर "अगं ए, हात आवर." मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, निदान पेशंटसमोर तरी." त्या म्हणाल्या, "पेशंटलाच मान देतेय ना? तुला कशाला पाहिजे, तू तर जागी आहेस."

आणि त्या उपाशी यायच्या. सकाळी मुलाला खायला बंदी, म्हणून ह्याही खायच्या नाहीत. "मूल उपाशी आणि भूल देणारी पोहे चापून आलेली, बरं दिसत नाही." मूल जागं झालं की आधी पाणी. दोन चमचे. दहा मिनिटं वाट बघायची, पोटात राहिलं तर पुढचे दोन. ते राहिलं की मग त्या स्वतः डबा उघडायच्या. भाकरी, कसलीतरी उसळ, कांदा. मुलाच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून. एखादं पोर ओकलं की ह्यांचा डबा परत बंद. मी त्यांना दुपारी चारला जेवताना बघितलंय.

यंत्र बोटाला लावलेलं असायचं, आकडा दिसत असायचा, टुकटुक वाजत असायचं. तरी बाईंच्या हाताची मागची बाजू मुलाच्या नाकाखाली. तासभर, दीड तास, हात तिथंच. मी म्हणायचे, अहो बाई, सत्त्याण्णव दाखवतंय की. तर म्हणायच्या, "ते मागचं सांगतं. मला पुढचा श्वास पाहिजे." मला तेव्हा हे नाटक वाटायचं. खरंच वाटायचं, लपवू कशाला?

पण मुख्य गोष्ट चपलांची.

दवाखान्याच्या दाराशी चपलांसाठी एक लाकडी मांडणी होती. ती बाईंनीच आणलेली, त्यांच्या घरची. मूल आत आलं की त्याच्या चपला बाई स्वतः उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायच्या, मुलाला दाखवून. "ह्या आपल्या. इथं ठेवल्यात. बघितल्यात ना?" मग दात, औषध, झोप. जाग आल्यावर मूल डोळे उघडायचं, रडायचं, आईला हाक मारायचं, परत मिटायचं. आई-बापांना वाटायचं, झालं, उठलं. बाई हलायच्या नाहीत. मूल आपणहून "माझी चप्पल कुठंय?" असं विचारेल तेव्हाच घरी. कुणी सुचवायचं नाही. आईनं "बाळा, चप्पल घालायची ना?" म्हटलं की बाई तिला बाहेर काढायच्या. एकानं सव्वा तासात विचारलं, एकीनं पावणेचार तास लावले. त्या पावणेचार तासांत माझे दोन पेशंट कंटाळून निघून गेले. मी बाईंना म्हटलं, "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"कुठल्याच नाही. डोळे कुणीही उघडतं. आईला हाक तर झोपेतही मारतात पोरं. पण आपली वस्तू कुठं ठेवली होती आणि आता घरी जायचंय, एवढं डोक्यात आलं की समजायचं, माणूस सगळा परत आला."

निघताना आईला सूचना पाढ्यांसारख्या म्हणायला लावायच्या. कुशीवर झोपवायचं. मान सरळ. हाक मारली की डोळे उघडायला हवेत, नाही उघडले तर उचलून इकडे यायचं. एक माणूस सतत शेजारी. ओठ बधिर आहे, चावू द्यायचा नाही. आईनं एक विसरलं की पहिल्यापासून. शिकल्यासवरलेल्या बायका, कुणी बँकेत, कुणी कॉलेजात शिकवणारी, शाळकरी मुलीसारख्या हात बांधून म्हणायच्या. मग दुपारी चारला आणि संध्याकाळी सातला बाईंचा फोन. ज्यांच्या घरी फोन नसेल त्यांच्या शेजाऱ्यांकडे. "रिसीव्हर तिच्या नाकाशी धरा. मला श्वास ऐकू द्या." शेजाऱ्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

आणि दोन मोठी माणसं असल्याशिवाय मूल सोडायच्या नाहीत. दोन माणसं आणि रिक्षा. स्कूटर चालायची नाही. एकदा एक गृहस्थ नजर चुकवून मुलीला घेऊन खाली गेले. बाई जिने उतरून मागे, आणि मी बाईंच्या मागे. पार्किंगमध्ये त्यांनी मुलीला ओढणीनं पाठीला बांधलं होतं. आपल्याकडे बांधतातच की, पेंगणारं पोर गाडीवरून पडू नये म्हणून. बाईंनी स्कूटरची किल्ली काढून सरळ ब्लाउजमध्ये टाकली.

"अहो, मी रोज हिला अशीच शाळेतून आणतो!"

"रोज तिला मी औषध देते का?" बाई गाठ सोडत होत्या. ती सुटेना. त्यांनी दातांनी सोडवली. "मान बघा हिची. हनुवटी छातीला टेकलीय. जागं पोर मान उचलून घेतं. हे घेणार नाही. तुम्हाला पाठीवर ऊब लागेल, वाटेल झोपलीय."

मी तिथंच उभी होते. दोन हातांवर. सगळं ऐकलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

बाईंना मी एकदाच विचारलं की हे सगळं कशामुळं. त्या गॉजच्या घड्या घालत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदा विचारायचं राहिलं होतं माझं." कोणाला, काय, कधी, काही नाही. घड्या संपल्या, उठल्या, गेल्या.

पुढं खराडीला आयटी पार्कं उभी राहिली, त्यांच्या मागे सोसायट्या, आणि सोसायट्यांत तरुण आई-बाप. मीही तिकडे गेले. काचेचा दर्शनी भाग, माशांची टाकी, छताला टीव्ही, त्यावर कार्टून. शुद्धीवर येणाऱ्या मुलांसाठी कॉट काढून मऊ आरामखुर्च्या, निळ्या आणि पिवळ्या. बाई पहिल्या दिवशी सगळीकडे फिरून आल्या आणि माशांच्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. "एवढेच जागे दिसतात इथं," म्हणाल्या. आरामखुर्चीला हात लावून म्हणाल्या, "हिच्यात मान पुढे पडते. कॉट आण." मी आणते म्हटलं. आणली नाही. खुर्च्या छान दिसत होत्या.

चपलांची मांडणी मात्र बाईंनी टेम्पोत घालून आणली आणि माझ्या काचेच्या दाराशी ठेवली. इतकी विजोड दिसायची!

इथली माणसं वेगळी. त्यांना वेळ नव्हता, आणि माझ्याकडे अभिप्रायाचे फॉर्म होते. 'लेडी डॉक्टर रूड आहेत.' 'माझ्या मुलीचा हात का स्मेल केला?' 'प्रोसीजर फॉर्टी मिनिट्स, वेटिंग थ्री अवर्स. रिडिक्युलस.' एका आईनं लिहिलं होतं, 'त्यांनी मला पाढे म्हणायला लावले.' मी ते सगळे फॉर्म एका शुक्रवारी बाईंसमोर ठेवले. मनात म्हटलं, आज बोलायचंच. म्हटलं, "बाई, जग बदललंय. बाहेर सगळे अर्ध्या-पाऊण तासात सोडतात. मूल डोळे उघडतंय, आकडा चांगला आहे, मग थांबवून काय मिळतं आपल्याला? ते चपलांचं आता पुरे करू या."

त्यांनी एकेक फॉर्म नीट वाचला. चष्मा काढला. मला वाटलं आता फाडून खातील. पण म्हणाल्या, "तू मला सोडतेयस का?"

"तसं नाही हो, फक्त जरा..."

"तसंच आहे. सोड. तुझा दवाखाना आहे." पेटी उचलली. दाराशी मांडणीपाशी थांबल्या, म्हणाल्या, "ही राहू दे. कदाचित उपयोग होईल." आणि जिन्यानं गेल्या, लिफ्ट असून.

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आइस्क्रीम खाल्लं.

नवा भूलतज्ज्ञ तरुण होता, हुशार, गोड बोलणारा. त्याची चूक नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते. तो औषध मोजून द्यायचा, मूल डोळे उघडेपर्यंत थांबायचा, कागदावर 'पूर्ण जाग आल्यावर सोडावे' असं लिहायचा, आणि पुढच्या दवाखान्यात पळायचा. पूर्ण जाग बघायचं काम माझं होतं.

त्या मुलीचं नाव सानिका. साडेतीन वर्षांची, राहायची वाघोलीला. झोपताना दुधाची बाटली, त्यामुळे पुढचे चारही दात काळे. बाप एका कंपनीत, आई दुसऱ्या कंपनीत. आईला त्या दिवशी रजा मिळाली नाही, म्हणून एकटा बाप आला. फॉर्मवर दोन माणसांचा रकाना होता, रिसेप्शनवरच्या मुलीनं त्यात खूण केली. मी बघितलं आणि काही बोलले नाही. सानिकाच्या पायात लाल सँडल होते, बक्कलवर फुलपाखरू. मांडणीवर कुणीतरी ठेवले, अर्थात तिला न दाखवता.

दात छान झाले. दीडच्या सुमाराला तिनं डोळे उघडले, "मम्मी" म्हणाली, आणि निळ्या खुर्चीत परत मिटले. आकडा अठ्ठ्याण्णव. भूलतज्ज्ञ गेला. बापाचा फोन सारखा वाजत होता. तीन वाजता त्याची कुठलीशी मीटिंग, लॅपटॉप घरी. तो बिचारा दर वेळी "सॉरी मॅडम" म्हणून फोन बंद करायचा. मला त्याची दया आली. आणि पुढचा पेशंट बाहेर बसला होता, हेही आलंच.

"घेऊन जाऊ का मॅडम? गाडीवर ती नेहमी झोपतेच."

मी म्हटलं, "जा." आणि मग म्हटलं, "थांबा, पडेल ती."

मी स्वतः खाली गेले. कुठला डॉक्टर जातो? मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. तिला त्याच्या पाठीशी बसवलं, माझ्या अंगावरची ओढणी काढली, निळी, कोट्याची, आणि दोघांभोवती गुंडाळून पुढं गाठ मारली. वर आणखी एक मारली. ओढून बघितली. पक्की होती. तो "थँक यू मॅडम" म्हणाला. तिची अनवाणी पावलं दोन्हीकडे लोंबत होती. ती मी बघितली, आणि मला काहीही आठवलं नाही.

नगर रस्ता खणलेला होता. चाळीस मिनिटं तो टँकरांमध्ये अडकला. पाठीवर ऊब लागत होती. वाघोलीच्या अलीकडे शेजारच्या स्कूटरवरची कुणी अनोळखी ओरडली, "अहो, तुमची पोरगी बघा, ओठ काळे पडलेत!" त्यानं गाडी सोडून दिली. गाठ सुटेना. पंक्चरवाल्यानं धावत येऊन ब्लेडनं ओढणी कापली.

इस्पितळात श्वास आणला त्यांनी. बाकीचं परत आलं नाही.

मी संध्याकाळी तिथल्या पॅसेजमध्ये उभी होते. दुसरं काही सुचलं नाही, बाईंना फोन केला होता. त्या आल्या. आत जाऊन मुलीला बघून आल्या. मग माझ्यासमोर.

"चपला?"

"मांडणीवरच आहेत."

"ओढणी कुणाची?"

"माझी."

"गाठ?"

"मीच मारली, बाई."

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी दवाखान्याची किल्ली मागितली, रिक्षानं खराडीला गेल्या, ते लाल सँडल घेऊन परत आल्या आणि आत मुलीच्या खाटेखाली नेऊन ठेवले. माझ्याशी पुढं कधी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मेल्या तोवर.

चौकशी झाली. माझ्याकडे कागद होता, सगळ्या सूचना छापलेल्या, खाली बापाची सही. 'पूर्ण जाग आल्यावर सोडावे' हेही होतं. त्यानं काही तक्रार लावून धरली नाही, म्हणाला, गाडीवर मीच नेलं. गाठीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुटले. लहान मुलांचं काम बंद केलं, आता मोठ्या माणसांच्या कवळ्या करते. सानिकाच्या घरी जायचं मी दर महिन्याला ठरवायचे. एकदा तर वाघोलीपर्यंत गेले, त्यांच्या इमारतीखाली गाडीत बसून राहिले आणि परत आले. आठ वर्षं हेच.

बाई गेल्याचं त्या तरुण भूलतज्ज्ञानं कळवलं. बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, कोपऱ्यात ती पत्र्याची पेटी. त्यांची भाची होती, तिनं माझं नाव विचारलं आणि आतून एक पिशवी आणली. "आत्यानं तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं." पिशवीत मुलींचे सँडल, नवेकोरे, निळे. साधारण बारा वर्षांच्या मुलीच्या मापाचे. सोबत चिठ्ठी, त्यात वाघोलीचा पत्ता आणि एकच ओळ. 'दर जूनमध्ये पुढचं माप.'

म्हणजे बाई तिथं जात होत्या. आठ वर्षं. ज्यांची काडीची चूक नव्हती, त्या.

मी दुसऱ्याच दिवशी ती पिशवी घेऊन वाघोलीला गेले. दार सानिकाच्या आईनं उघडलं. तिनं मला ओळखलं, आणि बाजूला झाली. पुढच्या खोलीत खिडकीशी कॉट होती. मुलगी कुशीवर, पाठीला उशी, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, मान अगदी सरळ. डोळे उघडे होते. ते माझ्यावरून गेले आणि खिडकीकडे लागले. कॉटच्या खाली भिंतीला लागून सँडलांची रांग. पहिले लाल, फुलपाखराचे. मग दर वर्षीचे, एकापेक्षा एक मोठे. मी खाली बसले आणि एक उचलला. तळ गुळगुळीत, एक कण माती नाही. दुसरा उचलला. तोही तसाच.

"पहिल्या वर्षी मी ह्या चपला जिन्यात फेकल्या होत्या," आई म्हणाली. "बाईंनी उचलून आणल्या, पदरानं पुसल्या, परत तिथंच ठेवल्या. दर रविवारी यायच्या. हिला म्हणायच्या, ह्या आपल्या, इथं ठेवल्यात, बघितल्यात ना? आणि मग बसून राहायच्या. हिनं मागेपर्यंत."

"मागितल्या कधी?"

"नाही."

मी तिच्याकडे न बघता बोलले. "त्या दिवशी ओढणीची गाठ मी मारली होती. तुमच्या मिस्टरांनी नाही. मी. आणि मला माहीत होतं. तसं बांधू नये हे मला बाईंनी सांगितलेलं होतं."

"माहितेय."

"कुणी..."

"बाईंनीच. तेव्हाच, हॉस्पिटलमध्ये. मी म्हटलं, मग ती दातांची डॉक्टर इथं का नाही येत? तर म्हणाल्या, येतील त्या. आज नाही येणार, त्यांना अजून पूर्ण जाग आलेली नाही. वेळ लागेल. आल्या की आत घ्या." तिचा आवाज बदलला. "मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही. तसं समजू नका. दार उघडलं ते फक्त बाईंनी सांगून ठेवलंय म्हणून."

"हो," मी म्हटलं.

ती आत गेली आणि पेला घेऊन आली. "आधी पाणी," म्हणाली. मी दोन घोट घेतले. ती समोर उभी राहून बघत राहिली, बरीच मिनिटं. मग म्हणाली, "आता घ्या उरलेलं." ते मी घेतलं.

मग तिनं पिशवीतून नवे सँडल काढले, सानिकाच्या डोळ्यांसमोर धरले, आणि तेच शब्द म्हणाली. ह्या आपल्या. मला म्हणाली, "एक पाय तुम्ही धरा." पाऊल गार होतं, फार मऊ होतं. मी सँडल चढवला, बक्कल लावली.

बाईंनी शेवटच्या आजारात, घरात बसून, नुसत्या अंदाजानं आणवलेले ते सँडल. माप बरोबर होतं.